पोथीवांचून भाषा : वऱ्हाडांतील कोरकू व राजमान्यतेचा प्रश्न

इ. स. २०२४ च्या आक्टोबर महिन्याच्या ३ तारखेस केंद्रीय मंत्रिमंडळानें मराठीस अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली. त्याच दिवशीं पाली, प्राकृत, असमिया व बंगाली ह्या भाषांनाहि ती मिळाली. मराठीच्या बाजूनें जो पुरावा मांडला जातो त्यांत वऱ्हाडचा वांटा लहान नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटानें लीळाचरित्र सिद्ध केलें. महानुभावांच्या मठांतून सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांच्या आड तें व तत्सम अनेक ग्रंथ शतकानुशतकें जपले गेले. आणि त्याच रिद्धपुरांत आतां मराठी भाषेचें विद्यापीठ स्थापन झालें आहे. पोथीनें भाषेस राजदरबारीं आसन मिळवून दिलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

रिद्धपुराहून अचलपूर-परतवाड्याच्या वाटेनें गेलें म्हणजे गाविलगडच्या डोंगराचा घाट लागतो, व तो चढून गेल्यावर चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके मिळून झालेला मेळघाट येतो. जिल्हा तोच, कचेरी तीच. परंतु येथील असंख्य घरांत चुलीपाशीं बोलली जाणारी भाषा कोरकू आहे. तिच्या पदरीं जुनी पोथी नाहीं, ताम्रपट नाहीं, शिलालेख नाहीं. मग राजमान्यता मागावयाची झाल्यास तिनें पुढें काय ठेवावें? हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञांचा किंवा राजकारणी पुरुषांचा आहे असें कित्येकांस वाटेल. आमचें मत निराळें आहे. पुरावा कशास म्हणावें व तो कसा जपावा, हा संशोधकांचा व संग्राहकांचा नित्याचा व्यवसाय होय. तेव्हां प्रस्तुत विषय ह्या त्रैमासिकाच्या कक्षेंतीलच आहे.

प्रथम भाषेचें कुळ पाहूं. वऱ्हाडी हें मराठीचेंच देशी रूप आहे. कोरकूचें मराठीशीं तसें कोणतेंहि नातें नाहीं, आणि शेजारच्या गोंडीशींहि नाहीं. गोंडी द्राविड कुळांतील. कोरकू मुंडा कुळांतील, म्हणजे छोटानागपूरकडील संथाळी, मुंडारी व हो ह्या भाषांची बहीण. ह्या कुळाची अगदीं पश्चिमेची शाखा ती हीच. ज्यास ह्या नात्याची खूण पटवून घ्यावयाची असेल त्यानें नुसते आंकडे मोजून पाहावे. कोरकू माणूस एकापासून दहापर्यंत मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई, तुरुई, एई, इलार, अरेई, गेल असें मोजतो. संथाळींत दोनास बार, सहास तुरुई, नवास आरे व दहास गेल म्हणतात. वाघास कोरकूंत कुला, संथाळींत कुल. मेळघाट व संथाळ परगणा ह्यांमध्यें शेंकडों कोसांचें अंतर आहे व तें दुसऱ्याच भाषांनीं व्यापलेलें आहे. अशा स्थितींत आंकड्यांची ही सगळी माळ एकीकडून दुसरीकडे उसनी गेली असेल, हें संभवत नाहीं. संस्कृतांतील द्विवचन मराठीनें केव्हांच टाकलें. कोरकूंत द्विवचन अद्यापि नांदत आहे. त्याचा प्रत्यय किञ्, बहुवचनाचा कू. लोकांचें नांवहि त्याच व्याकरणानें घडलें : कोरो म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसें.

ह्या भाषेकडे विद्वानांचें लक्ष गेलें नाहीं असें मात्र नव्हे. फोर्साइथ ह्यानें १८७१ त प्रसिद्ध केलेल्या मध्यहिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथांत कोरकूंचें वर्णन केलें आहे. मिशनरी जॉन ड्रेक ह्यानें लिहिलेलें कोरकूचें इंग्रजी व्याकरण १९०३ सालीं कलकत्त्यास छापलें गेलें. ग्रीअर्सनच्या भाषापाहणीचा चौथा खंड १९०६ त निघाला. त्यांत स्टेन कोनो ह्यानें मुंडा व द्राविड भाषांबरोबर तिचा विचार केला. पुढें नॉर्मन झाइड ह्या अमेरिकन पंडितानें तिच्यावर प्रबंध लिहिला, व १९९९ त के. एस्. नागराज ह्यांचें व्याकरण, संहिता व शब्दसंग्रह असें तिहेरी पुस्तक टोकिओहून प्रसिद्ध झालें. ही नामावळी पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. कलकत्ता, टोकिओ, अमेरिका येथें ज्या भाषेचा अभ्यास होतो, तिच्या पायथ्याशीं असलेल्या अचलपूर, अकोट, अकोला येथील ग्रंथसंग्रहांत ह्यांपैकीं एखादें पुस्तक सांपडलें तर तें आश्चर्यच मानावें लागेल.

येथें रायबहादुर हिरालाल ह्यांचें उदाहरण बोधप्रद आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची त्यांनीं केलेली जाडजूड सूचि १९२६ त नागपुरास छापली गेली, आणि ती आजहि पोथीसंग्राहकांच्या हाताशीं असते. परंतु त्याच गृहस्थांनीं त्यापूर्वीं दहा वर्षें, म्हणजे १९१६ सालीं, रसेल ह्यांच्यासह प्रांतांतील जातिजमातींचा चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला होता, व त्यांत कोरकूंच्या कुळांची, दैवतांची व अंत्यविधींची माहिती आहे. पोथीची यादी करणारा हात डोंगरांतील माणसाची कहाणीहि टिपून ठेवीत होता. ह्या दोन कामांत त्यांस विरोध दिसला नाहीं.

आतां राज्यकारभारांत कोरकूचें स्थान कोणतें तें पाहूं. २०११ च्या शिरगणतींत कोरकू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७ लक्ष २७ हजार लोक नोंदले गेले. घटनेच्या आठव्या परिशिष्टांत २२ भाषा आहेत. कोरकू त्यांत नाहीं. तिची बहीण संथाळी मात्र ९२ व्या घटनादुरुस्तीनें, २००३ सालीं, त्या परिशिष्टांत दाखल झाली. संथाळीचे भाषक कोरकूच्या कित्येक पट आहेत हें तर खरेंच. पण तिला आणखी एक बळ होतें. पंडित रघुनाथ मुर्मू ह्यांनीं १९२५ च्या सुमारास तिच्यासाठीं ओल चिकी ही स्वतंत्र लिपि रचली होती, व त्या लिपींत ग्रंथ, नाटकें, नियतकालिकें निघत गेलीं. मागणी घेऊन दिल्लीस जाणाऱ्यांच्या हातांत कागद होता.

कोरकूच्या वांट्यास दुसरेंच आलें. इंग्रजी अमदानींत मेळघाट वऱ्हाडांत, तर बैतूल, निमाड, होशंगाबाद हा त्याच लोकांचा उत्तरेकडील मुलूख मध्यप्रांतांत होता. १९०३ नंतर दोन्ही भाग एका प्रांताखालीं आले. १९५६ त भाषावार प्रांतरचना झाली तेव्हां मराठी भाषा म्हणून वऱ्हाड मुंबई राज्यांत गेलें, आणि हिंदी भाषा म्हणून बैतूल-खांडवा मध्यप्रदेशांत राहिले. भाषेच्या तत्त्वावर आंखलेल्या ह्याच रेषेनें कोरकू भाषेचे दोन तुकडे केले. ती रेषा माणसांच्या नांवांतहि उमटली आहे. रेषेच्या उत्तरेस कासदे, बेठे अशीं आडनांवें आढळतात; मेळघाटांत तींच कुळें कासदेकर, बेठेकर झालीं. कोरकू कुळनांवास मराठी प्रत्यय लागला तो शाळेच्या व कचेरीच्या दप्तरांतून लागला असावा, असें आम्हांस वाटतें. जुन्या दप्तरांचा वर्षानुक्रमें शोध केल्यास हा बदल केव्हां झाला तें निश्चित करतां येईल, व तो शोध करण्याजोगा आहे.

घटनेच्या ३४७ व्या कलमान्वयें एखाद्या राज्यांतील किंवा त्याच्या भागांतील भाषेस सरकारी मान्यता देण्याचा आदेश राष्ट्रपति देऊं शकतात. परंतु त्यासाठीं राज्याच्या लोकसंख्येच्या भरीव भागाची तशी इच्छा असावी लागते. माप राज्याचें, तालुक्याचें नव्हे. मेळघाटांत कोरकू कितीहि पसरली असली तरी अवघ्या महाराष्ट्राच्या तराजूंत तिचें पारडें वरच राहणार. १९५६ त घातलेलें ३५०-अ हें कलम अधिक उपयोगी आहे : अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय करावी असें तें राज्यांस सांगतें, आणि त्यासाठीं परिशिष्टांत नांव असण्याची अट घालीत नाहीं. पण सोय करावयाची म्हणजे पुस्तकें हवींत, शब्दकोश हवा, कोणत्या गांवची बोली प्रमाण धरावयाची ह्याचा निर्णय हवा. फिरून फिरून गाडें कागदापाशींच येऊन अडतें.

अशाच एका भाषेस अलीकडे राजमान्यता मिळाली आहे व तिची हकीकत आपणांस उपयोगी पडण्यासारखी असल्यामुळें थोडी विस्तारानें देतों. उत्तर आफ्रिकेंत अरबी येण्यापूर्वींपासून जी भाषा चालत आली तिला अमाझिग म्हणतात. युरोपीय लोक तिला बर्बर म्हणत. हा शब्द ग्रीकांच्या तोंडचा असून त्याचा भाव आपल्या म्लेच्छ शब्दासारखाच आहे. ती मोरोक्को, अल्जीरिया, लीबिया इत्यादि अनेक राज्यांत विभागली गेली आहे, व कोठेंहि ती कचेरीची भाषा नव्हती. मोरोक्कोच्या राजानें २००१ त तिच्या अभ्यासासाठीं एक राजसंस्था स्थापिली. २००३ त तिफिनाग ही लिपि शाळांसाठीं ठरविण्यांत आली. २०११ च्या राज्यघटनेच्या पांचव्या कलमानें अरबीच्या जोडीस तीहि राजभाषा झाली. अल्जीरियानें तिला २००२ त राष्ट्रभाषा व २०१६ त राजभाषा म्हटलें. घोषणा होऊनहि मोरोक्कोंत अंमलबजावणीचा कायदा २०१९ पर्यंत झाला नाहीं, आणि त्यानेंहि निरनिराळ्या कामांस पांच, दहा व पंधरा वर्षांच्या मुदती दिल्या आहेत. राजमान्यता हा एका दिवसाचा सोहळा नव्हे, हें ह्यावरून दिसतें.

संग्राहकांनीं विशेष पाहावें तें ह्या भाषेच्या पुराव्याचें स्वरूप. तिफिनागची पूर्वज लिपि दोन हजार वर्षांहून जुनी आहे. सहारांतील तुआरेग लोकांनीं तिचेंच एक रूप वापरांत ठेविलें होतें. शिवाय मोरोक्कोच्या सूस प्रांतांत हीच भाषा अरबी लिपींत लिहिण्याची परंपरा होती. अठराव्या शतकांतील मुहम्मद अवझल ह्या पंडिताचे धर्मपर पद्यग्रंथ अशा हस्तलिखितांतून आले असून त्यांच्या प्रती हॉलंडांतील लायडेन येथें व फ्रान्सांतहि आहेत. अरबी अक्षरें पाहून अरबी ग्रंथ म्हणून बाजूस ठेवलेल्या पोथींत दुसरीच भाषा निघावी, हा अनुभव आपल्याकडेहि येण्याजोगा आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ट्युनिशियांतील दुग्गा येथें इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतील एक उंच समाधिमंदिर आहे. त्यावर प्यूनिक व प्राचीन लीबियन अशा दोन भाषांत एकच लेख कोरलेला होता, व प्राचीन लीबियन अक्षरें वाचण्यास त्याचाच मोठा आधार झाला. इंग्रजांचा वकील थॉमस रीड ह्यानें १८४२ त तो लेख काढून नेला. तो काढण्यासाठीं त्यानें समाधि पाडली. लेख लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमांत गेला. समाधि विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रेंच पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं पडलेल्या दगडांतून पुन्हा उभी केली. ज्ञान वाढलें ह्यांत शंका नाहीं. परंतु ज्या लोकांचा तो लेख, त्यांच्या भूमींत तो उरला नाहीं.

ही हकीकत सांगण्याचें कारण म्हणजे मेळघाटांतील मुंडे. मुंडा ह्या नांवाचा भाषाकुळाच्या मुंडा नांवाशीं घोटाळा करूं नये. कोरकू लोक मृताच्या स्मरणार्थ गांवाजवळ एखाद्या झाडाखालीं सागवानी लांकडाचा खांब किंवा जाड फळी रोंवतात, तिला मुंडा म्हणतात. तिच्यावर माथ्याशीं सूर्य व चंद्र, खालीं घोड्यावर बसलेला पुरुष, नाचणारीं माणसें अशीं चित्रें कोरलेलीं असतात. ह्या विधीस सिडोली म्हणतात. ती होईपर्यंत मृताचा आत्मा पूर्वजांत मिळत नाहीं अशी समजूत आहे. खर्च मोठा असल्यानें ती मृत्यूनंतर पुष्कळ काळानेंहि होते. सूर्यचंद्र व घोडेस्वार पाहतांच आपल्या वाचकांस वीरगळ आठवतील, आणि तें साहजिक आहे. दगड व लांकूड एवढाच भेद असता तर विशेष बोलावयास नको होतें. पण वीरगळ शेंकडों वर्षें टिकतो. सागवान कितीहि चिवट असलें तरी पाऊस, वाळवी व वणवा ह्यांपुढें फार पिढ्या तग धरीत नाहीं.

मुंडा म्हणजे अक्षर नव्हे, त्यावरून भाषेची सिद्धि कशी व्हावी, असा आक्षेप येईल. आक्षेप योग्य आहे. नुसता खांब मुका असतो. पण खांब उभारतांना जीं गाणीं म्हटलीं जातात, मृताचें कुळ व नातीं ज्या शब्दांनीं सांगितलीं जातात, ते शब्द कोरकू आहेत. खांब व गाणें मिळून एक दस्तऐवज होतो. एक वेगळें केलें कीं दुसरें अर्धें मरतें. म्हणून आम्ही आमच्या संग्राहक मित्रांस आग्रहानें सांगतों कीं मुंडा उचलून आणूं नये. शहरांतील दिवाणखान्यांत उभी केलेली फळी ही लांकडी नक्षीची वस्तु होय, पुरावा नव्हे. रीडनें निदान अक्षरें तरी वांचविलीं. मुंडा नेणाऱ्याच्या हातीं तेंहि लागत नाहीं.

मुंडे जागच्या जागीं आहेत आणि माणसेंच निघून गेलीं, असाहि प्रकार घडला आहे. मेळघाटांत १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. केलपाणी, गुल्लरघाट, धारगड इत्यादि गांवें गेल्या कांहीं वर्षांत जंगलांतून हलवून अकोला जिल्ह्याच्या अकोट-तेल्हारा भागांत सपाटीवर वसविण्यांत आलीं. वाघांच्या रक्षणाचा वाद येथें घालावयाचा नाहीं. परंतु डोंगरांत ज्या मुलाच्या कानावर दिवसभर कोरकू पडे, त्याच्याभोंवतीं आतां बाजार, शाळा, शेतमजुरी सर्व वऱ्हाडींत आहे, व आजोबांचा खांब राखीव जंगलांत राहिला आहे. अकोल्याच्या संशोधकांस कोरकूच्या अभ्यासासाठीं घाट चढून जाण्याचें कारण उरलें नाहीं. ती भाषा त्यांच्या दारीं आली आहे, आणि दारीं आलेल्या भाषा दोन-तीन पिढ्यांत वितळतात.

ह्याहून बिकट अवस्था निहालीची. वऱ्हाडच्याच बुलढाणा जिल्ह्यांत, जळगांव-जामोदच्या बाजूस सातपुड्याच्या पायथ्याशीं, निहाल लोकांत ती बोलली जाते. तिच्यांत कोरकू व मराठी शब्दांची रेलचेल आहे, पण तीं पुटें काढलीं असतां खालीं जो गाभा उरतो तो जगांतील कोणत्याहि ज्ञात भाषेशीं निश्चितपणें जुळत नाहीं. डच पंडित कायपर ह्यानें १९६२ त तिच्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरांत. शिरगणतींत दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषेचें नांवच छापीत नाहींत. तेव्हां सरकारी कागदांत निहाली नाहींच. कोरकूस मान्यता नाहीं असें तरी म्हणतां येतें. निहालीची अनुपस्थितिहि कोठें नोंदलेली नाहीं.

वाचकांकडून काय अपेक्षित आहे तें आतां सांगतों. ज्यांच्या संग्रहीं मेळघाटच्या पायथ्याकडील मोडी दप्तरें आहेत, त्यांनीं तीं पुन्हा एकदां ह्या दृष्टीनें चाळावीं. गाविलगड किल्ला १८०३ च्या डिसेंबरांत वेलस्लीनें घेतला. त्या सुमाराचीं घाटवाटांचीं, जकातीचीं, गांववारीचीं जीं बाडें असतील त्यांत पाटलांचीं, कुळांचीं, ओढ्यांचीं व शिवारांचीं नांवें येणारच. मराठी लेखकानें तीं कानास लागलीं तशीं लिहिलीं असणार. तशीं नांवें वेगळ्या वहींत उतरून त्यांपुढें कागदाची तारीख व आजच्या गांवांत त्या जागेस काय म्हणतात तें लिहावें. राजकोरकू म्हणविणाऱ्या जमीनदार घराण्यांच्या सनदा कोणापाशीं असल्यास त्यांच्या नकला अवश्य कराव्या. कोरकूचे जुने शब्द अशा रीतीनें मोडींतून निघाले, तर त्या भाषेस तारखेचा लेखी पुरावा प्रथमच मिळेल.

मुंड्यांची नोंद करतांना छायाचित्रावर थांबूं नये. गांव, जागा व झाड, लांकडाची जात, उंची, कोणत्या दिशेस तोंड आहे, कोणत्या कुळाचा, कोणाच्या स्मरणार्थ व कोणत्या वर्षीं, कोरणाऱ्या सुताराचें गांव, आणि त्या वेळीं म्हटलेलें गाणें म्हणणाऱ्याच्याच आवाजांत ध्वनिमुद्रित, एवढें तरी असावें. गाण्याचें देवनागरी लेखन करतांना ड्रेक व नागराज ह्यांचीं व्याकरणें जवळ ठेवावीं, कारण कोरकूंतील अर्धवट गिळलेले स्वर व व्यंजनें मराठी कानास ऐकूं येत नाहींत. घरच्या माणसांची संमति आधीं घ्यावी, व नोंदीची एक प्रत त्यांच्याच गांवच्या शाळेंत ठेवावी.